नाशिकचे लघुपट

नाशिकचे लघुपट : नाशिकमध्ये राहणाऱ्या चित्रपटकर्त्यांनी आपल्याच शहरावर केलेले कमी लांबीचे कथापट आणि माहितीपट. लघुपट किती मिनिटांचा असावा याचा सर्वमान्य नियम नाही. ऑस्करसाठी श्रेयनामावलीसह ४० मिनिटांची मर्यादा आहे. गावोगावच्या स्पर्धांत ती बहुधा याहून बरीच कमी असते. नाशिकवर चित्रित झालेली प्रत्येक गोष्ट या नोंदीत बसत नाही. बाहेरून आलेली मालिकांची पथके घाट, धरण, द्राक्षबाग पाहून चित्रीकरण करतात आणि निघून जातात. त्यांच्या पडद्यावर नाशिकचे नावही येत नाही. इथे विचार केला आहे तो ज्यांचे घर, शाळा आणि भांडणे याच गावात आहेत, अशांच्या कामाचा.

फाळके आणि गोदाकाठ : धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रेक्षकांपुढे आला. त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे चित्रपट इथे घडले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकलाच उभी राहिली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळक्यांचे निधनही इथेच झाले.

ही माहिती शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. तिच्यात एक गोष्ट बहुधा निसटते, ती म्हणजे फाळक्यांचा पाया लघुपटाचा होता. पहिल्या चित्रपटासाठी पैसे उभे करताना त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली होती. बीजातून वेल वर येताना डोळ्यांनी पाहिल्यावरच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट दाखवला गेला. सिंहस्थ पर्वणी, गोदावरी आणि त्र्यंबकेश्वर यांची छोटी दृश्यचित्रेही फाळक्यांनी टिपली. म्हणजे गोदाकाठी कॅमेरा लावून आपले गाव लोकांना दाखवण्याची रीत नाशिकमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाइतकाच हा वारसाही नाशिकचा आहे.

गंगा : नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. ‘जरा गंगेवर जाऊन येतो’ हे वाक्य जुन्या नाशकात घरोघरी ऐकू येते. नदीवरच्या लघुपटात पात्राने ‘गोदावरी’ म्हटले, तर लिहिणाऱ्याने ते कागदावर बसून लिहिले आहे हे लगेच कळते. पाणीही इथे मीटरने मोजत नाहीत. पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगाला पाणी लागले, हे एकमेकांना विचारले जाते : गुडघ्याला, कमरेला, छातीला, की डोक्यावरून? सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ चे पूर लोकांच्या लक्षात आहेत ते असेच. शेजारी नारोशंकराचे मंदिर, आणि त्याची ती मोठी घंटा. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली ही पोर्तुगीज घंटा पुराच्या गोष्टींतही येते. पूर, मारुती आणि घंटा एवढ्यावर एक आख्खा लघुपट उभा राहू शकतो. त्यात एक शब्द बोलला नाही तरी चालेल.

तरीही रामकुंडावरच्या बहुतेक चित्रणात दिसतात ती दिवे, आरती आणि वरून घेतलेला घाट. ते सुंदर असते, यात वाद नाही. पण आरती संपल्यावर निर्माल्य उचलणारी बाई, दशक्रियेसाठी पहाटेच्या गाडीने आलेले आणि ओल्या धोतरात कुडकुडणारे कुटुंब, पिंडाला कावळा शिवेपर्यंतची शांतता, बुधवारचा बाजार, पात्रात ओतलेले काँक्रीट आणि ते काढून नदीचे जिवंत झरे मोकळे करा म्हणणारी माणसे, हीसुद्धा तीच नदी आहे. ज्या लघुपटकर्त्याने घाटावर सलग आठ दिवस नुसते बसून घेतले, त्याच्या फिल्ममध्ये हे सगळे आपोआप उतरते.

जुने नाशिक : भद्रकाली, तिवंधा, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार हा भाग लघुपटाला सर्वांत जास्त देणारा. इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की ट्रायपॉड लावला तर रस्ता बंद होतो, म्हणून कॅमेरा बहुतेक वेळा हातातच. पेशवेकालीन वाडे पावसाळ्यात ढासळतात. एका मालकाचे, चार भाऊबंदांचे, सहा भाडेकरूंचे असे वाडे, ज्यांचा निकाल कोर्टातही लागत नाही आणि पावसातही. गोदाकाठच्या काझीच्या गढीची माती दर पावसाळ्यात खचते आणि वरची कुटुंबे जीव मुठीत धरून राहतात. या विषयांवर भाषण करण्याची गरज नसते. पोपडे सुटलेली भिंत, टेकू दिलेले तुळईचे लाकूड आणि खाली अभ्यास करणारी मुलगी एका चौकटीत आली की पुरे.

रंगपंचमीची रहाड हा तर नाशिकचाच ऐवज. वर्षभर माती-लाकडांखाली झाकून ठेवलेले पेशवेकालीन हौद त्या दिवसासाठी उघडतात, पूजा होते, फुलापानांपासून उकळून केलेला रंग त्यात भरतात आणि माणसे वरून ‘धप्पा’ मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. गर्दीत उड्या टिपणारे पुष्कळ असतात. आदल्या दिवशी हौद उघडताना तिथे थांबलेले कमी, आणि खरी गोष्ट तिथे आहे : कोणत्या घराचा मान, कोण माती काढतो, रंग कोण उकळतो.

काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षे तो चालला. दादासाहेब गायकवाड त्याचे आघाडीचे शिलेदार. नाशिकचा लघुपट करणाऱ्याने मंदिराचा काळा दगड दाखवावा, पण त्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांना वगळून दाखवू नये.

न दिसणारे नाशिक : सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्या, नाशिकरोडच्या छापखान्यांच्या वसाहती, सिडकोतील छोटी घरे, मखमलाबादकडच्या द्राक्षबागा, लासलगावच्या कांदा लिलावाहून रिकाम्या हाताने परतणारा ट्रॅक्टर. शहराचा संसार यांच्यावर चालतो आणि पडद्यावर तो सर्वांत कमी येतो. यात भाषेचाही वाटा आहे. सिडकोत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे आहेत. घरात अहिराणी, कंपनीत हिंदीमिश्रित मराठी, मुलांच्या तोंडी इंग्रजी शाळेचे शब्द. संवाद मात्र अनेकदा रंगमंचावरच्या घोटीव मराठीत लिहिले जातात. आईने हाक मारली आणि मुलाने अहिराणीत उत्तर दिले, एवढ्यानेही फिल्म त्या घराची होते.

घडण : नट बहुधा एकांकिका स्पर्धांतून आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या संघांतून येतात. कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर यांच्या गावात नाटकाचा सराव असणे स्वाभाविकच. पण तोच सराव कॅमेऱ्यासमोर अडचणीचा ठरतो. कालिदास कलामंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज कॉलर माइकसमोर ओरडल्यासारखा वाटतो, आणि पहिला दिवस नटाला खाली आणण्यातच जातो.

पैसा घरचा, मित्रांचा. कॅमेरा भाड्याने किंवा मोबाइल. चहा-मिसळ कुणाच्या तरी ओळखीच्या गाड्यावर. चित्र आता स्वस्तात चांगले मिळते; फसतो तो आवाज. रविवार कारंजा या चौकात दुपारी संवाद टिपायचा म्हणजे हॉर्नच ऐकायचे. जाणकार मंडळी म्हणून पहाटे पाचला चित्रीकरण लावतात, किंवा दृश्य झाल्यावर त्याच जागी नुसता आवाज दोन मिनिटे वेगळा टिपून ठेवतात. तांबट आळीतला हातोड्याचा ठोका असा एकदा नीट टिपला की संकलनात तो संगीताचे काम करतो.

परवानगीचा भाग थोडक्यात. सार्वजनिक जागेसाठी महापालिका आणि पोलीस, मंदिरासाठी विश्वस्त, लेण्यांसाठी पुरातत्त्व खाते. देवळालीचे तोफखाना विद्यालय, ओझरचा विमानतळ आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना यांमुळे ड्रोनवर इथे कडक बंधने आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला परवान्यात सवलत असली, तरी मनाई असलेल्या क्षेत्रात तोही उडवता येत नाही. खरे सांगायचे तर याने नुकसान फार होत नाही. हे शहर वरून ओळखता येते, पण समजते ते ओट्यावर बसून.

सिंहस्थ : दर बारा वर्षांनी येणारे हे पर्व इथल्या चित्रपटकर्त्यांची मोठी परीक्षा. २०१५ चा सिंहस्थ मोबाइल कॅमेऱ्यांनी टिपला गेला, पुढचा २०२७ चा. वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकच्या कुशावर्तावर स्नान करतात. जगभरचे छायाचित्रकार साधूंकडे वळतात. गावकऱ्याला दिसते ते वेगळे : गल्लीच्या तोंडाशी लावलेले बांबू, दूधवाल्याचा पास, तपोवनात साधुग्रामासाठी घेतलेली जागा, पर्वणीच्या दिवशी घरातच अडकलेले म्हातारे आजोबा. ही बाजू फक्त इथे राहणाराच सांगू शकतो.

प्रदर्शन आणि जतन : चित्रपटगृहात जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या चित्रपट कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते; महोत्सवांना सूट मिळू शकते, यूट्यूबला प्रमाणपत्राची अट नाही. त्यामुळे बहुतेक लघुपट आधी महोत्सवांत फिरतात, मग यूट्यूबवर येतात. पहिला खेळ मात्र अनेकदा एखाद्या छोट्या सभागृहात, कलावंतांच्या आईवडिलांसमोर होतो.

त्यानंतर त्यांचे काय होते, हा काळजीचा प्रश्न आहे. फाळक्यांच्या छोट्या दृश्यचित्रांपैकी बहुतेक आज पाहायला मिळत नाहीत. जुनी फिल्म जळत असे, सडत असे. आताच्या लघुपटांची हार्डडिस्क बिघडते, खाते बंद पडते, संकलकाचा संगणक विकला जातो. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण गल्लीतल्या दहा मिनिटांच्या फिल्मला तिथवर कोण नेणार? १८४० पासून पुस्तके जपणारे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये आहे. तिथल्या एका कपाटात या लघुपटांच्या प्रती, प्रत्येकीवर चित्रीकरणाची तारीख आणि गल्लीचे नाव लिहून ठेवता आल्या, तर पडलेल्या वाड्याचे दार कसे होते हे पुढे कुणाला तरी पाहता येईल.