पत्र्याची सावली आणि कौलाची सावली

एप्रिलमधल्या एका दुपारी निपाणीहून चिकोडीमार्गे अथणीकडे सायकलने जाताना रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या निवाऱ्यात मी विसाव्याला थांबलो आणि पाचच मिनिटांत तिथून उठून शेजारच्या कडुलिंबाखाली जाऊन बसलो. निवारा तीन बाजूंनी उघडा होता, वारा दोन्ही ठिकाणी सारखाच होता आणि सावली तर निवाऱ्यातच अधिक दाट होती; तरीही डोके आणि खांदे तिथे भाजल्यासारखे होत होते. पत्र्याखाली हवा कोंडते, असे यावर आपण सहज म्हणतो. परंतु ज्या निवाऱ्यातून वारा आरपार वाहतो, तिथे हे कारण पुरेसे नाही.

पुण्या-कोल्हापूरहून गोव्याकडे निघालेले सायकलस्वार निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव करत जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाला लागतात. या वाटेवर आणि पूर्वेकडच्या अथणी-कागवाडच्या रस्त्यांवर विसाव्याच्या जागा बांधायच्या, तर डोक्यावर काहीतरी आच्छादन आणि पाण्याचा नळ एवढे पुरे, असा समज दिसतो. माझ्या मते अशा जागेच्या रचनेत छताचा आतला पृष्ठभाग किती तापतो, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

त्यासाठी आधी सायकलस्वाराचे शरीर पाहू. पॅडलवर १०० वॅट शक्ती लावणारा माणूस त्याच वेळी अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता निर्माण करत असतो, कारण स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के असते. ही उष्णता केवळ घामावाटे घालवायची झाली, तर तासाला सुमारे अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. सायकल चालत असते तोवर ताशी १५-२० किलोमीटरचा वारा आपोआप अंगावर येतो आणि घाम लगेच वाळतो. थांबताच तो वारा बंद होतो, पण तापलेले शरीर लगेच निवत नाही. म्हणून चालवताना न जाणवलेला घाम थांबल्यावर धारांनी वाहू लागतो. विसाव्याची पहिली दहा मिनिटे शरीराला सर्वांत जड जातात, आणि नेमक्या त्याच वेळी डोक्यावरचे छत वरून आणखी उष्णता देत असेल, तर त्याला विसावा म्हणता येणार नाही.

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी जाते, हे आपण शाळेत शिकलो. यांपैकी प्रारणाला, म्हणजे किरणांवाटे उष्णता जाण्याला, मध्ये हवा लागत नाही, म्हणूनच वारा वाहत असतानाही छताची धग अंगापर्यंत पोहोचते. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या केल्विन तापमानाच्या (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या) चौथ्या घाताच्या प्रमाणात प्रारण बाहेर टाकतो. हा चौथा घात फार महत्त्वाचा आहे, आणि तो आकड्यांतच नीट दिसतो. उन्हात ६५ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३३८ केल्विनला पोहोचलेला रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा दर चौरस मीटरला जास्तीत जास्त सुमारे ७४० वॅट प्रारण खाली सोडू शकतो. ३५ अंशांची आपली त्वचा सुमारे ५१० वॅट परत करते, म्हणजे पत्र्याकडे तोंड असलेल्या त्वचेवर २३० वॅटचा बोजा उरतो. छताचा आतला पृष्ठभाग ४० अंशांवर राखता आला, तर त्याचे प्रारण ५४४ वॅट होते आणि बोजा केवळ ३४ वॅट उरतो. तापमानात २५ अंशांचा फरक, पण अंगावरच्या भारात जवळजवळ सातपट! कडुलिंबाची पाने बाष्पोच्छ्वासामुळे, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर सोडत असल्यामुळे, हवेच्या तापमानाच्या जवळपासच राहतात, त्यामुळे झाडाखाली हा बोजा फारच थोडा असतो.

इथे एक बारकावा आहे. नवा, चकचकीत जस्ताचा पत्रा खूप तापतो, पण खालच्या बाजूने प्रारण कमी सोडतो, कारण चकाकणाऱ्या धातूची उत्सर्जनक्षमता, म्हणजे प्रारण बाहेर टाकण्याची क्षमता, कमी असते. तोच पत्रा काळवंडला, गंजला किंवा रंगवला की अधिक प्रारण सोडू लागतो. नव्या निवाऱ्यात बसून केलेली परीक्षा म्हणूनच फसवी ठरू शकते.

छताचा आतला पृष्ठभाग थंड ठेवायला महागडी सामग्री लागत नाही. वर कौले, त्यांच्याखाली वीतभर मोकळी जागा आणि त्याखाली बांबूच्या चटईचे दुसरे छत केले, तर तापलेली हवा आढ्याजवळच्या फटीतून निघून जाते आणि आपल्याला दिसते ती चटई, तापलेले कौल नव्हे. चिकोडी-अथणीच्या ऊसपट्ट्यात पाचट भरपूर मिळते. त्याचे जाड छप्परही हेच काम करते, मात्र ते आगीपासून जपावे लागते आणि वेळोवेळी बदलावे लागते. पत्राच वापरायचा असेल, तर बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा आणि आतून चटई टांगावी. काचेच्या दर्शनी भिंती उभारून आत वातानुकूलन यंत्र बसवायचे आणि बाहेर ‘ग्रीन’ अशी पाटी लावायची, ही पद्धत मात्र या हवामानात सर्वथा चुकीची आहे.

भिंतींसाठी खानापूर-बेळगाव पट्ट्यात जांभा दगड आहेच. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. खाणीत तो मऊ असतो, कापून काढल्यावर हवेत टणक होतो. जांभ्याच्या ३० सेंटिमीटर जाड भिंतीतून बाहेरची उष्णतेची लाट आत पोहोचायला साधारण आठ ते दहा तास लागतात आणि तोवर तिचा जोर दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. या गुणाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरली जाते. दुपारी तीनची उष्णता मध्यरात्रीच्या सुमारास आत येते. दिवसा थांबण्याच्या जागेला अशी भिंत उत्तम. मुक्कामाच्या खोलीला मात्र, विशेषतः अथणीकडे, ती उन्हाळ्यात त्रासदायक ठरते. तिथे हलकी भिंत आणि बाहेर झोपण्यासाठी ऐसपैस ओटा हवा, कारण निरभ्र रात्री उघडे आकाश हेच सर्वांत थंड छत असते.

दरवाजा अमुक दिशेला असला की बरकत येते, असे सांगणाऱ्या वास्तुशास्त्राला इथे काही आधार नाही. सूर्याच्या मार्गाला मात्र आहे. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मध्यान्हीचे ऊन उत्तरेकडून येते. पश्चिमेबरोबर उत्तरेलाही पुढे आलेली वळचण लागते, ती यामुळे.

छताचा उतार मात्र पाऊस ठरवतो. खानापुरात वर्षाला १,८०० मिलिमीटरच्या आसपास आणि कणकुंबीकडे त्याहून कितीतरी अधिक पाऊस पडतो, तर अथणीकडे तो ५०० ते ६०० मिलिमीटर असतो. म्हणून पश्चिमेला उतरती कौलारू घरे आणि पूर्वेला मातीची सपाट माळवदे बांधली गेली. जांभा पाणी शोषतो, त्यामुळे घाटाकडे उंच जोते आणि रुंद वळचण टाळता येत नाही. अथणीकडे ४० चौरस मीटरच्या छतावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला, तर वीस टक्के वाया धरूनही १६,००० लिटर पाणी साठते. खानापूरच्या कुंभारांकडचे माठ तिथे ठेवले, तर कोरड्या हवेत ते पाणी उत्तम गार होईल. खानापुरात मात्र जुलैत दमट हवेमुळे माठही गार होत नाही आणि घामही वाळत नाही. तिथे दोन समोरासमोरच्या भिंती पूर्ण मोकळ्या सोडून वाऱ्याला वाट द्यावी लागते, आणि ओले कपडे वाळत घालायला वळचणीखाली एक लांब दोरी बांधावी लागते.