डबक्यातले सिलिएट: ओळखीची रीत कशी घडत गेली

डबक्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला की पहिल्या काही मिनिटांत जे पळताना दिसतात, त्यांत सिलिएट बहुधा असतातच. अंगावर पक्ष्माभिकांची, म्हणजे हलत्या केसांसारख्या धाग्यांची, बारीक लव असलेले हे एकपेशीय जीव. त्यांच्या ओळखीचा कुठलाही तक्ता उघडला, तर प्रश्न साधारण ठरलेल्या क्रमाने येतात: लांबी किती, आकार कसा, पक्ष्माभिका अंगभर की ठरावीक जागी, मुख कुठे, संकोचशील रिक्तिका (आखडून जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पोकळ्या) किती, मोठे केंद्रक गोल की मण्यांच्या माळेसारखे. अगदी शेवटी येतात चांदीच्या रंजनाचे (चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याचे) आणि जनुकांचे प्रश्न. हा क्रम कुणी एका बैठकीत ठरवलेला नाही. साडेतीनशे वर्षांत भिंगांतून जे जसे दिसत गेले, तसे प्रश्न साचत गेले. म्हणून आपल्या हातातला सूक्ष्मदर्शक यातल्या कितव्या पायरीपर्यंत नेईल, हे कळायला हा इतिहास फार उपयोगी पडतो.

आन्तोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७४ मध्ये डेल्फ्टजवळच्या एका सरोवराच्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या त्याच्या लांबलचक पत्राचा सारांश पुढच्या वर्षी छापला गेला. त्यात देठाला आखडून घेणाऱ्या घंटेसारख्या जीवाचे वर्णन इतके नेमके आहे की तो व्हॉर्टिसेला होता, हे आजही ओळखता येते. त्याच्याकडे होते एकच छोटे भिंग आणि ते धरणारी धातूची पट्टी. उट्रेख्टमध्ये जपलेल्या त्याच्या एका सूक्ष्मदर्शकाची ताकद सुमारे २६६ पट आहे. पण मोजपट्टी नव्हती. त्यामुळे तो वाळूच्या कणाशी किंवा उवेच्या डोळ्याशी तुलना करून आकार सांगे.

आजही नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. आकार आवडीने पाहिला जातो, पण लांबी मोजायची राहते. वास्तविक मोजायला खास काही लागत नाही. आयपीसवर (डोळ्याकडच्या भिंगावर) लिहिलेल्या क्षेत्र-अंकाला ऑब्जेक्टिव्हच्या (वस्तूकडच्या भिंगाच्या) पटीने भागले की दृश्यक्षेत्राचा व्यास मिळतो. क्षेत्र-अंक १८ असेल तर १० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली १.८ मिलिमीटर आणि ४० पटीच्या खाली ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन. पॅरामेशियम कॉडेटम साधारण १७० ते ३०० मायक्रॉन लांब असतो, म्हणजे ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हखाली तो निम्मे क्षेत्र व्यापतो. तसाच दिसणारा पण जेमतेम पाव क्षेत्र भरणारा जीव सापडला, तर वेगळ्या जातीचा विचार आधी करावा.

लुई जोब्लोने १७१८ मध्ये सूक्ष्मजीवांवर चित्रांसह ग्रंथ काढला. त्यातल्या एका जीवाला त्याने सपातेची उपमा दिली. ती उपमा पॅरामेशियमला अजून चिकटून आहे. ‘पॅरामेशियम’ हे नाव १७५२ मध्ये जॉन हिलने दिले. लिनियसला मात्र या सगळ्या गर्दीत वर्गवारी करण्याजोगे फारसे काही दिसले नाही. १७६७ च्या आवृत्तीत त्याने बरेचसे सूक्ष्मजीव ‘केऑस’ नावाच्या प्रजातीत टाकले.

गर्दीतून वाट काढली ती डेन्मार्कच्या ओटो फ्रेडरिक म्युलरने. १७७३ मध्ये त्याचे पहिले मोठे काम आले आणि त्याच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये ५० चित्रपटलांचा (पूर्ण पानाच्या चित्रांचा) ग्रंथ निघाला. त्याच्या यादीत चक्रधर प्राणी (रोटिफर), डायटम (काचेसारख्या कवचाचे शैवाल) आणि जीवाणूही मिसळले होते, कारण बाह्य आकार आणि चाल यांपलीकडचे त्याला फार दिसत नव्हते. तरीही त्याने केलेली कितीतरी वर्णने टिकली. कोल्पोडा क्युक्युलस, कोलेप्स हिर्टस, लॅक्रिमॅरिया ओलोर, स्टायलोनिकिया मायटिलस या नावांमागे आजही म्युलरचे नाव आणि साल लागते. ते कंसात असेल, तर त्याचा ठरलेला अर्थ असा की जातीचे वर्णन त्याचे, पण पुढे ती दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली. नावामागचे साल नेहमी वाचावे. १७७३ चे वर्णन बाह्यरूपावर बेतलेले असते. ती जात खरोखर कोणती, हे नंतरच्या एखाद्या पुनर्वर्णनावरूनच ठरते.

पुढची झेप भिंगांमुळे पडली. जोसेफ जॅक्सन लिस्टरने १८३० मध्ये रंगदोष आणि गोलीय दोष एकत्र कमी करणाऱ्या भिंगरचनेचे तत्त्व मांडले आणि संयुक्त सूक्ष्मदर्शक खऱ्या अर्थाने कामाचा झाला. याच सुमाराला ख्रिश्चन गॉटफ्रीड एरेनबर्ग या जीवांना नीळ आणि कार्माइनचे कण खाऊ घालत होता. रंगीत कणांनी भरलेले गोल त्याला पेशीत दिसले. ते त्याने जठर मानले आणि ‘अनेक जठरांचे प्राणी’ असा वर्गच केला. केंद्रकाला त्याने पुरुषग्रंथी ठरवले, तर संकोचशील रिक्तिकेला तिची पिशवी. १८३८ चा त्याचा ग्रंथ ६४ चित्रपटलांचा आहे. चित्रे अप्रतिम, निरीक्षणे बारकाईची, अर्थ मात्र चुकीचा.

फेलिक्स दुजार्दँने हे खोडून काढले. जठरे असतील तर ती एका जागी राहायला हवीत, पण हे गोल पेशीभर फिरत होते, नव्याने तयार होत होते, नाहीसे होत होते. १८३५ मध्ये त्याने पेशीतल्या चिकट सजीव पदार्थाला ‘सार्कोड’ म्हटले आणि १८४१ च्या ग्रंथात अवयवांची ती कल्पना नाकारली. १८४५ मध्ये फोन झीबोल्डने हे जीव एकपेशीय असल्याचे मांडले.

हा वाद आजही एका काचपट्टीवर पाहता येतो. यीस्टचे दाट पाणी काँगो रेड (आम्लात रंग बदलणारे रंगद्रव्य) घालून दहा मिनिटे मंद उकळावे, गार करावे आणि सुईच्या टोकाने अगदी थोडे पॅरामेशियमच्या थेंबात मिसळावे. काही मिनिटांत लाल कण मुखाच्या तळाशी जमून त्यांचा गोल तयार होतो, सुटतो आणि पेशीत फिरू लागतो. आतले पाणी आम्ल झाले की लालाचा निळा-जांभळा होतो, पुढे पुन्हा लालसर. यीस्ट जास्त झाले तर सगळे क्षेत्र लाल होते आणि काहीच वेगळे काढता येत नाही. बहुतेकदा प्रयोग फसतो तो याच कारणाने.

एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतल्या काही चुकाही शिकण्यासारख्या आहेत. फ्रीडरिख श्टाइनला काही काळ वाटत होते की चूषक शुंडके असलेले अ‍ॅसिनेटासारखे जीव व्हॉर्टिसेलाच्या वाढीतली अवस्था आहेत. क्लापारेद आणि लाखमान यांनी ते चूक ठरवले. बाल्बियानीला पॅरामेशियमच्या केंद्रकात बारीक धाग्यांचे जुडगे दिसले आणि त्याने ते शुक्रतंतू समजले. ते खरे तर जीवाणू होते. त्यांना १८९० मध्ये ‘होलोस्पोरा’ हे नाव दिले वाल्डेमार हाफकिनने. कॉलरा आणि प्लेगच्या लशींमुळे पुढे जगाला माहीत झाला तोच हा हाफकिन.

श्टाइनचे १८५९ चे काम मात्र पायाभूत ठरले. पक्ष्माभिका अंगावर कशा पसरल्या आहेत, यावर त्याने चार गट केले: अंगभर सारख्या लवेचे, अंगभर लव आणि मुखाशी जाड झालर असलेले, फक्त पोटाच्या बाजूला लव असलेले, आणि मुखाभोवती कडे असलेले. आजच्या वर्गीकरणात हे गट त्या रूपात उरलेले नाहीत. पॅरामेशियम आणि व्हॉर्टिसेला आता एकाच वर्गात बसतात, हे श्टाइनला पटले नसते. पण डोळ्यासमोरचा जीव तक्त्यात शोधायला सुरुवात याच चार प्रश्नांनी करणे सर्वांत सोपे जाते.

त्या काळातला सर्वांत सुंदर भेद देठांचा आहे, आणि त्याला १० पटीचे ऑब्जेक्टिव्ह पुरते. पाणवनस्पतीच्या मुळांचा तुकडा काचपट्टीवर ठेवून काचेला टिचकी मारावी. एकेकटी घंटा स्प्रिंगसारखी गुंडाळून खाली गेली तर व्हॉर्टिसेला. फांद्या असलेल्या वसाहतीत एखादीच फांदी आखडली आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर कार्केझियम, कारण तिथे देठातला संकोची धागा फांदीच्या फाट्यावर तुटलेला असतो. सगळी वसाहत एका झटक्यात मिटली तर झूथॅम्नियम, कारण धागा अखंड असतो. देठ ताठच राहिला आणि फक्त घंटा मिटल्या तर एपिस्टायलिस. इथे फसवतो तो सुटलेला व्हॉर्टिसेला: देठ सोडून, मागच्या बाजूला पक्ष्माभिकांचे जादा कडे फुटलेला तो भराभर पोहतो आणि वेगळाच प्राणी वाटतो. जवळपास रिकामे देठ दिसले तर आधी हीच शंका घ्यावी.

केंद्रकाचे महत्त्व बाल्बियानी, ब्यूचली आणि १८८९ मध्ये मोपा यांच्या कामातून ठरले: मोठे केंद्रक रोजच्या कारभाराचे, लहान केंद्रक प्रजननाचे. ओळखीसाठी मोठ्या केंद्रकाचा आकार फार बोलका असतो. निळसर स्टेंटॉर सेरुलियस आणि हिरव्या शैवालाने भरलेला स्टेंटॉर पॉलिमॉर्फस या दोघांत ते मण्यांच्या माळेसारखे असते. बिनरंगी स्टेंटॉर रोझेलीत ते लांब पट्ट्यासारखे असते. जिवंतपणी केंद्रक दिसले नाही, तर १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लातले १ टक्का मिथिल ग्रीन कव्हरस्लिपच्या एका कडेला लावावे आणि समोरच्या कडेने टिपकागदाने पाणी ओढावे. जीव मरतो आणि केंद्रक हिरवे-निळे उठून दिसते. म्हणून हे काम सर्वांत शेवटी करावे.

एर्न्स्ट आबेने १८७३ मध्ये भिंगाच्या भेदकतेची, म्हणजे जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याच्या क्षमतेची, मर्यादा मांडली. ४० पटीच्या, ०.६५ संख्यात्मक छिद्राच्या (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश घेते त्याचे माप, NA) नेहमीच्या ऑब्जेक्टिव्हची मर्यादा हिरव्या प्रकाशात साधारण ०.४२ मायक्रॉन येते. पक्ष्माभिकेची जाडी याहून कमी, सुमारे पाव मायक्रॉन. म्हणजे एकटी पक्ष्माभिका रेघेसारखी दिसते, पण चिकटून असलेल्या दोन वेगळ्या काढता येत नाहीत. पक्ष्माभिकांच्या ओळी मोजायला सांगणारा तक्ता नवशिक्याला अडवतो तो इथे. झेर्निकेच्या फेज कॉन्ट्रास्टने पारदर्शक पेशी उठावदार झाली (त्यासाठी त्याला १९५३ चे नोबेल मिळाले), पण जाड सिलिएटभोवती त्यात प्रभावळ येते. कंडेन्सरखाली (काचपट्टीखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखाली) काळ्या कागदाने निम्मा प्रकाश अडवून मिळणारी तिरपी प्रकाशयोजना बऱ्याचदा जास्त कामाची ठरते, आणि तिला खर्चही नाही.

जिवंत निरीक्षणाची परंपरा कळसाला नेली आल्फ्रेड काल याने. तो हॅम्बुर्गचा शाळाशिक्षक. १९३० ते १९३५ या काळात चार भागांत निघालेल्या त्याच्या जर्मन ग्रंथात त्याने तोवर माहीत असलेले सिलिएट एकत्र आणले आणि स्वतःच्या शेकडो नव्या जाती त्यात घातल्या. त्यातली रेखाटने अजूनही वापरली जातात. हौशी माणसाला साध्या सूक्ष्मदर्शकावर जेवढे करता येते, त्याचा नकाशा बहुतांशी कालचाच आहे. त्यातल्या बऱ्याच जाती मोजक्याच जीवांवरून वर्णिलेल्या असल्याने पुढे पुन्हा तपासाव्या लागल्या, हेही ध्यानात ठेवावे.

जिवंत पाहायचे तर जीव थांबवावा लागतो, आणि इथे थेंबाचे माप निर्णायक आहे. २२ मिलिमीटर चौरस कव्हरस्लिपखाली ५० मायक्रोलिटर पाणी असेल तर थराची जाडी साधारण १०० मायक्रॉन होते आणि पॅरामेशियम मोकळा फिरतो. २० मायक्रोलिटरला ती ४० मायक्रॉनवर येते आणि तो अडकतो. तेव्हा मोठ्या थेंबाने सुरुवात करावी, लांबी आणि पोहण्याची ढब आधी नोंदवावी आणि मग टिपकागदाने थोडे थोडे पाणी ओढत जावे. जीव हळू झाला की रिक्तिका मोजाव्यात, मुख पाहावे, मग केंद्रक. दाबाखाली पेशी चपटी आणि रुंद होते. तशा अवस्थेत मोजलेली लांबी-रुंदी कुठल्याच तक्त्याशी जुळत नाही. कडेने पाणी आटत राहते, म्हणून थांबण्याचा योग्य क्षण दोन-तीन मिनिटेच टिकतो. पाणी दाट करणाऱ्या मिथिल सेल्युलोजने वेग कमी होतो खरा, पण चालीची ओळख जाते. हाल्टेरियाची उडी किंवा अंगभर वळत जाणारा ऑक्सिट्रिका आणि ताठ स्टायलोनिकिया यांतला फरक मग दिसत नाही.

ब्रुनो क्लाइनने १९२६ मध्ये चांदीची कोरडी पद्धत दिली आणि शातोँ व ल्वॉफ यांनी १९३० मध्ये ओली. वाळवलेल्या थेंबावर सिल्व्हर नायट्रेट घालून प्रकाश दिला की पेशीच्या पृष्ठावरचे जाळे तपकिरी-काळ्या रेषांत उमटते. डबक्याच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर सगळीकडे पांढरा साका बसतो आणि पुढे काळा पडतो. म्हणून धुवायला ऊर्ध्वपातित पाणीच लागते. त्वचेवर पडलेले डाग काही दिवस जात नाहीत, हातमोजे हवेत. पुढे प्रोटारगॉलच्या (चांदी आणि प्रथिनाच्या संयुगाच्या) पद्धतीने केंद्रक आणि पक्ष्माभिकांची मुळे एकत्र दिसू लागली आणि जातींची वर्णने त्यावर बेतली जाऊ लागली. साल्झबुर्गच्या विल्हेल्म फॉइसनरने जिवंत निरीक्षण आणि चांदी यांची सांगड इतक्या काटेकोरपणे घातली की आजची उत्तम वर्णने त्याच साच्यात लिहिली जातात.

काही ठिकाणी चांदीही पुरत नाही. ट्रेसी सोनबॉर्नने १९३७ मध्ये पॅरामेशियम ऑरेलियात प्रजननासाठी आपसांत जुळणाऱ्या जीवांचे गट शोधले. सारखे दिसणारे, पण वेगळ्या गटांतले जीव एकमेकांशी जुळतच नव्हते. १९७५ मध्ये त्याने त्यातल्या १४ गटांना स्वतंत्र जातींची नावे दिली: प्रायमऑरेलिया, बायऑरेलिया आणि पुढे. स्टायलोनिकिया मायटिलसमधूनही १९८३ मध्ये लेम्नी ही जात वेगळी काढली गेली.

म्हणून दोन लहान केंद्रके असलेला, १२० मायक्रॉनचा पॅरामेशियम मिळाला, तर नोंदवहीत ‘ऑरेलिया गट’ एवढेच लिहावे. त्याखाली मोकळ्या पोहत्या जीवाची लांबी (निदान दहा जीव मोजून), रिक्तिकांची संख्या आणि जागा, केंद्रकाचे चित्र, पाण्याचे तापमान, डबक्यातली जागा आणि तारीख द्यावी. जातीचे नाव चुकले तर ते नंतर दुरुस्त करता येते. न मोजलेली लांबी मात्र थेंब वाळल्यावर परत मिळत नाही.