महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अभिलेख-गोपनीयता

महाविद्यालयाने विद्यार्थ्याविषयी साठवलेली माहिती कोणी पाहावी, कोणाला द्यावी, स्वतः विद्यार्थ्याला ती केव्हा मिळावी आणि चुकीची असल्यास कशी दुरुस्त व्हावी, यांविषयीचे हक्क. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. घटनेतील मूलभूत हक्क, माहितीचा अधिकार, डिजिटल डेटाविषयीचा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम यांत हे हक्क विखुरलेले आहेत. त्यामुळे पुण्यासारख्या विद्यार्थ्यांच्या शहरातही बहुतेकांना ते ठाऊक नसतात.

अभिलेख म्हणजे केवळ गुणपत्रिका नव्हे. प्रवेश अर्ज, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र, पालकांचे उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते, हजेरी, वैद्यकीय रजेची कागदपत्रे, शिस्तभंगाची नोंद, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरलेला तपशील हे सारे त्यात येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात (स्थापना १९४९) प्रत्येकाला पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक मिळतो आणि परीक्षेच्या नोंदी त्याला जोडलेल्या असतात. आता त्यात ‘अपार’ हा विद्यार्थ्याचा देशपातळीवरील बारा अंकी ओळख क्रमांक आणि मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा होणाऱ्या श्रेयांक बँकेचे खाते यांची भर पडली आहे.

ही माहिती बाहेर जाते ती बहुधा चोरीमुळे नाही, सवयीमुळे. सत्र संपत आले की हजेरी कमी असलेल्यांची ‘डिफॉल्टर लिस्ट’ सूचनाफलकावर लागते. अंतर्गत गुणांची एक्सेल फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली जाते आणि साठ जणांचे गुण साठ जणांना दिसतात. ऑफिसच्या खिडकीवर रांगेत सर्वांदेखत ‘कॅटेगरी कोणती?’ असे विचारले जाते. शिष्यवृत्तीच्या यादीत नावापुढे प्रवर्ग छापला जातो. यांतील शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत गंभीर आहेत. गुण कळल्याने संकोच वाटतो. जात कळल्याने वसतिगृहात, वर्गात, प्रकल्पाच्या गटात वागणूक बदलू शकते. हजेरी किंवा गुण कळवायला बैठक क्रमांक पुरतो, तेथे नाव आणि प्रवर्ग लिहिण्याचे कारण उरत नाही.

ऑनलाइन निकालाचे उदाहरणही बोलके आहे. पुणे विद्यापीठाचा निकाल पाहताना बैठक क्रमांकासोबत आईचे नाव भरावे लागते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालाचीही तीच पद्धत आहे. पण आईचे नाव गुणपत्रिकेवर छापलेले असते आणि मित्रमैत्रिणींना, शेजाऱ्यांना ठाऊक असते. कुलूप म्हणून ते कच्चे आहे.

पालकांचा प्रश्न आपल्याकडे नाजूक आहे. फी आईवडील भरतात, निकाल साऱ्या घराचा मानला जातो आणि हजेरी घसरली की महाविद्यालय थेट घरी फोन करते. कायद्याने मात्र अठरा वर्षे पूर्ण झालेला विद्यार्थी सज्ञान असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठराखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. त्यापुढे संमती विद्यार्थ्याची स्वतःची. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक मुले एका बाजूला आणि द्वितीय-तृतीय वर्षातील मुले दुसऱ्या बाजूला येतात. प्रथम वर्षाच्या एकाच वर्गात दोन्ही असू शकतात.

या हक्काचा पाया २४ ऑगस्ट २०१७ रोजी घातला गेला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या अधिनियमाने माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, खोडून घेण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क दिला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र हा कायदा फक्त डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. ऑफिसच्या कपाटातील दोरीने बांधलेली फाइल स्कॅन होईपर्यंत त्याच्या कक्षेबाहेरच राहते.

स्वतःचा अभिलेख पाहण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अधिक जुना आणि हाताशी असलेला मार्ग आहे. विद्यापीठे व अनुदानित महाविद्यालये त्याखाली येतात. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ असून परीक्षार्थीला ती पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. दुसऱ्याचे गुण मागता येतात का, याचे उत्तर संदर्भावर अवलंबून आहे. पुणे जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिक भरतीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इतर उमेदवारांचे गुण देण्याचा आदेश दिला, कारण सरकारी भरतीत पारदर्शकतेचे हित मोठे होते. वर्गातील चाचणीच्या गुणांना हा युक्तिवाद लागू पडत नाही. शिवाय माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम ८(१)(ञ) २०२३ च्या डेटा अधिनियमाने बदलले, हा बदल २०२५ च्या अधिसूचनेने लागू झाला असून वैयक्तिक माहिती नाकारणे आता सोपे झाले आहे. व्यापक जनहित दाखवण्याचा मार्ग कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे.

मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे हा याच हक्काचा दुसरा चेहरा. फी बाकी आहे किंवा प्रवेश रद्द केला म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका रोखल्या गेल्याने पुढचा प्रवेश हुकतो. पडताळणी करून मूळ प्रती परत द्याव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये बजावले. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांतही कागदपत्रे न देणे ही तक्रारीची बाब आहे. आधी महाविद्यालयाच्या तक्रार निवारण समितीकडे आणि तेथे न्याय न मिळाल्यास विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे जाता येते.

अमेरिकेत या विषयावर १९७४ पासून स्वतंत्र संघीय कायदा आहे. महाविद्यालयात प्रवेश घेताच तेथील अभिलेखाचे हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातात आणि पाहण्याची मागणी केल्यास संस्थेला ४५ दिवसांत अभिलेख दाखवावा लागतो. पुण्यातून तिकडे अर्ज करणाऱ्यांची त्याच्याशी पहिली भेट बहुधा शिफारसपत्राच्या रकान्यात होते. प्राध्यापकांनी लिहिलेले पत्र पाहण्याचा हक्क आपण सोडता का, असे तेथे विचारलेले असते. अनेक जण ‘हो’वर खूण करून पुढे जातात, आणि असा हक्क आपल्याला होता हे त्यांना त्या रकान्यातूनच कळते.