लेझीम (सोलापूर)

लेझीम : हलगी-ढोलाच्या ठेक्यावर रांगा धरून खेळायचा सामूहिक कसरतीचा खेळ आणि त्यात वापरायचे वाद्य. महाराष्ट्रभर ते आहे. पण सोलापुरात गणपतीची मिरवणूक म्हटली की आधी लेझीमच डोळ्यांपुढे येते. ‘आजोबा गणपती’ या आपल्या जुन्या सार्वजनिक गणपतीची परंपरा १८८५ पासूनची सांगणाऱ्या या गावात मंडळांची पोरे उत्सवाच्या कितीतरी आधीपासून संध्याकाळी सरावाला उतरतात.

शब्द फारसीतला. साखळी लावलेल्या, व्यायामाच्या धनुष्याला तिकडे लेझम म्हणत. आपल्याकडे त्याचा हातभर लाकडी दांडा झाला. दोन्ही टोकांना जोडलेली लोखंडी साखळी, तीत ओवलेल्या पातळ चकत्या, मधोमध धरायला मूठ. हात फाकवले की साखळी ताणून ‘छन्’ वाजते, जवळ आणले की चकत्या आदळून ‘छक्’. तासाभराने खांदे भरून येतात. चार आवाज, दोन रुख, आगे फलांग, पीछे फलांग ही हातांची, म्हणजे खेळातल्या हालचालींची, नावेही कवायतीचा वास सांगतात.

मराठीत लेझीम ‘नाचत’ नाहीत, ‘खेळतात’. सोलापुरात या क्रियापदाचा अर्थ रस्त्यावर कळतो. पुढचा गडी शिट्टी मारतो, हलगीचा ठेका बदलतो, रांग वाकते, उठते, गर्रकन फिरते. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या शहरात शिट्टी सगळ्यांना सारखीच समजते. कडेला उभ्या माणसाचे पाय आपसूक हलू लागतात, आणि रांगेतला कुणीतरी दमून आपले लेझीम त्याच्या हाती देतो. नवख्याने शेपटाला उभे राहायचे आणि पुढच्याच्या टाचांकडे बघत ‘चार आवाज’ धरायचे, एवढे त्याला पुरते. शाळेत शिकलेले हात अशा वेळी पन्नाशीतही आठवतात. पूर्वी ही रांग पुरुषांचीच असे. आता मुलींची, बायकांची पथकेही उतरतात, आणि त्यांचा आवाज कुठे कमी पडत नाही.

या खेळाला खरा धोका ध्वनिवर्धकांच्या भिंतींचा आहे. लेझमाला वीज लागत नाही, शांतता मात्र थोडी लागते. हलगी ऐकू आली नाही की मागच्या रांगा अर्धी मात्रा उशिरा पडतात, शंभर हातांचा एक ‘छन्’ फुटून नुसता खुळखुळाट होतो, आणि कडेचा माणूस पाय आवरून पुन्हा बघ्या होतो.