चढावरचा हाफ क्लच आणि जुन्या सेडानचा हिशेब

"ऑटोमॅटिक आहे साहेब, चढावर ब्रेक कशाला? एक्सलेटरवर नुसता पाय टेकवून ठेवायचा, गाडी इंचभर मागे येत नाही." सेकंड-हँड गाड्या दाखवणाऱ्या एजंटांचं हे साताऱ्यातलं आवडतं वाक्य. यवतेश्वरच्या चढावर नेऊन ते हे करूनही दाखवतात, आणि गाडी खरोखर मागे येत नाही. त्या अर्ध्या मिनिटात गिअरबॉक्सच्या तोंडाशी काय चाललेलं असतं ते दिसत असतं, तर गिऱ्हाइकाने तिथेच चावी परत दिली असती.

या गाड्या म्हणजे बहुतेक पुण्याहून उतरलेल्या, एमएच-१२ पासिंगच्या टर्बो पेट्रोल सेडान. नव्या असताना रस्त्यावर यायला वीस लाख लागलेली गाडी आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते, म्हणून तरुण पोरांचे डोळे तिकडे लागलेले असतात. उदाहरणाला २०१३ साली आपल्याकडे आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घेऊ. हिची जोडणी संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला व्हायची. ताकद १८० पीएस (अश्वशक्ती), टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर आणि सात गिअरांचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. माझा सगळा जीव या गिअरबॉक्सवर आहे, त्यामुळे इंजिनाबद्दल नंतर आणि थोडक्यात.

ऑटोमॅटिक या एका नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो आणि त्या तेलाने समोरचा पंखा फिरतो. अशी गाडी चढावर एक्सलेटरवर धरली तर तेल तापतं आणि कूलरमध्ये जाऊन निवतं. डीएसजीत मात्र आपल्या साध्या गाडीसारखा क्लच असतो. एकाच्या जागी दोन असतात, एवढंच. एका क्लचवर १-३-५-७ हे गिअर, दुसऱ्यावर २-४-६ आणि रिव्हर्स. गाडी तिसऱ्यात पळत असताना चौथा आधीच लागून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो, म्हणून ओढ तुटत नाही. पेडल नाही, कारण क्लच दाबायचं काम तेलाच्या दाबावर चालणारं, संगणकाच्या हुकमातलं मेकॅट्रॉनिक करतं. दोन क्लचची ही कल्पना आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याने १९३९ च्या सुमारास मांडली होती. बाजारातल्या गाडीत ती पहिल्यांदा आली २००३ मध्ये, फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये.

म्हणजे चढावर एक्सलेटरवर उभी राहिलेली ही गाडी हाफ क्लचवर, अर्धवट धरलेल्या, घासत राहणाऱ्या क्लचवर, उभी असते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ज्यासाठी आपण शिव्या खाल्ल्या तेच, फक्त पाय संगणकाचा.

आता आकडे मांडू. माणसांसकट गाडी १७०० किलो. शंभर मीटरला सहा मीटर असा चढ. गाडीला मागे खेचणारं बल १७०० × ९.८ × ०.०६, म्हणजे सुमारे १००० न्यूटन. चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर, म्हणून चाकांपाशी ३१० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर साधारण १६ ते १७ धरलं, तर क्लचपाशी लागतो फक्त १९. ऐकायला किरकोळ. पण इंजिन मिनिटाला १००० फेरे (सेकंदाला १०५ रेडियन) घेतंय आणि चाकं थांबलेली आहेत. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग: १९ × १०५, म्हणजे सुमारे २००० वॅट. चाकांना त्यातलं काहीच मिळत नाही, सगळं घर्षणातून उष्णतेत जातं. दोन इस्त्र्या क्लचच्या डब्यात चालू ठेवून दिल्यासारखं झालं.

मिनिटभरात १,२०,००० जूल. तापणारा लोखंडी भाग ५ किलोचा धरला आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता (एक किलो एक अंशाने तापवायला लागणारे जूल) ४६० घेतली, तर मिनिटाला तापमान ५० अंशांनी वाढतं. हा क्लच कोरडा असतो, तेल नाही, भोवती बंद डबा. पाच मिनिटं असंच चाललं तर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

खंबाटकीत शनिवारी संध्याकाळी याचीच सौम्य आवृत्ती घडते. पुण्याहून साताऱ्याकडे येताना जुन्या रस्त्याने चढ आपल्या वाट्याला येतो, जुना बोगदा परतीच्या वाहनांना. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण धरल्यावर या गाडीचा किमान वेग ताशी ६ किलोमीटरच्या आसपास. रांग ताशी ३ ने सरकत असेल, तर क्लचच्या दोन बाजूंच्या वेगात निम्म्याचा फरक राहतो आणि इंजिनाने दिलेल्या शक्तीतली निम्मी शक्ती तिथेच जळते. क्लच कोणत्या कंपनीचा आहे याने यात काडीचाही फरक पडत नाही.

क्लचच्या प्लेटवरचं अस्तर रेझिनने बांधलेलं असतं. फार तापलं की रेझिन करपतं, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पकड विषम होते. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते ती यामुळे. उघडलेल्या गिअरबॉक्समधली प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरणारी लोखंडी तबकडी) गॅरेजमध्ये बघायला मिळाली तर जरूर बघा. लोखंडावर निळे-जांभळे डाग दिसले तर समजा की तिथलं तापमान ३०० अंशांच्या घरात जाऊन आलंय. गंमत म्हणजे कोरड्या क्लचच्या पृष्ठभागावर तापमापक बसवलेला नसतो. संगणक वरच्यासारखंच गणित करून अंदाज बांधतो आणि आकडा फार चढला की गिअरबॉक्स तापल्याचा इशारा देतो.

अशी गाडी दोन वर्षांत दोनदा गॅरेजला गेली की घरात कुजबुज सुरू होते: गाडीच पनवती आहे. मग बंपरला लिंबू-मिरची, आणि तेवढ्याने भागलं नाही की नंबरची बेरीज नऊ येत नाही म्हणून विक्री. पुढचा मालक त्याच घाटात तीच गाडी तशीच चालवतो. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच कोरड्या क्लचच्या सात गिअरांच्या सुमारे १६ लाख गिअरबॉक्सचं तेल बदलायला जगभरातून गाड्या परत बोलावल्या, कारण कृत्रिम तेलामुळे विजेच्या जोडण्यांत बिघाड होत होता. त्यांनी खनिज तेल भरलं, लिंबू कुणी बांधलं नाही.

दुसऱ्या टोकाला रिमॅपवाले, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून देणारे. लॅपटॉप जोडून टॉर्क शंभरेक न्यूटन-मीटरने वाढवून देतो म्हणतात, आणि इंजिन तो देतंही. पण हा गिअरबॉक्स मुळात २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. २०१७ ची २३० पीएसची ऑक्टाव्हिया आरएस मात्र सहा गिअरांची, तेलात बुडालेल्या क्लचची. तेल उष्णता वाहून नेतं, म्हणून जास्त ताकदीची ही गाडी घाटात उलट जास्त सोसते. अट एकच, दर ६०,००० किलोमीटरला तेल बदलायचं. बिलाची फाइल चाळताना ती नोंद आधी शोधा.

इंजिनाची दुखणी: जुन्या पिढीच्या टीएसआय इंजिनांमध्ये टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि ऑइल पिणं, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा कार्बन, वॉटर पंपाच्या प्लास्टिक घरातून गळणारं कूलंट. याशिवाय मोठ्या चाकांचे टायर, जे आपल्या खड्ड्यांत फुगतात. क्लचचा सेट मजुरीसह लाखाच्या पुढे सहज जातो, मेकॅट्रॉनिक त्याहून महाग. बसवायला खास हत्यारं आणि नंतर स्कॅनरवर अ‍ॅडॅप्टेशन (नव्या क्लचची संगणकाला ओळख करून देणं) लागतं, म्हणून गोडोलीतला आपला नेहमीचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी काम पुण्याला किंवा कोल्हापूरलाच न्यावं लागतं.

रांगेत पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच सोडा, आणि थांबाल तेव्हा ब्रेक नीट दाबा. ब्रेक दाबून उभं राहिलं की क्लच सुटतो. घेताना किलोमीटरपेक्षा पहिला मालक रोज कुठे जायचा ते विचारा. हायवेवरचे ९०,००० किलोमीटर हिंजवडीच्या ४०,००० पेक्षा मला तरी बरे वाटतात. गाडी गरम झाल्यावर चढावर रिव्हर्समध्ये हळूहळू मागे घ्या. थरथर जाणवली तर क्लचचा खर्च वजा करूनच बोलणी सुरू करा, आणि "सॉफ्टवेअर अपडेट केलं की जाईल" असं विकणारा म्हणाला, तर ते अपडेट त्याच्याच खर्चाने करून आणायला सांगा.