कारुसो खरंच एकवीस भावंडांतला होता का?

इटालियन ऑपेरा गायक एन्रिको कारुसोबद्दलचा एक किस्सा शंभर वर्षं फिरतो आहे: आईला एकवीस मुलं झाली, त्यातली अठरा तान्हेपणीच गेली, आणि तरीही हा पठ्ठ्या जगून ऑपेराचा बादशहा झाला. ऐकायला झकास, पण खरं नाही.

चरित्रकारांनी घराण्याची कागदपत्रं धुंडाळली, तेव्हा सातच मुलं निघाली. १८७३ साली नेपल्समध्ये जन्मलेला एन्रिको त्यातला तिसरा. मोठेपणी उरली तिघं: तो, भाऊ जोव्हानी आणि बहीण असुंता. वडील मेकॅनिक, घरात पैशांची चणचण. सातातली चार मुलं गमावणं हेच काय कमी होतं?

मग एकवीस कुठून आले? बहुधा घरातूनच! खुद्द कारुसो ‘आईला एकवीस मुलं, त्यातला मी एकोणिसावा मुलगा’ असं सांगायचा, असं त्याच्या पत्नीनेच लिहून ठेवलंय. जोव्हानीनेही त्यात भर घातली असावी. १९०३ पासून न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा गाजवणाऱ्या गायकाच्या शब्दावर शंका कोण घेणार? आई अॅना तर १८८८ मध्येच वारली होती. आकडा खोडायला ती नव्हती.