बीटच्या पुडीतला बिनरंगी पाहुणा

बीटची पावडर किंवा कॅप्सूल सुरू केली की काहींची लघवी गुलाबी होते आणि घाबरगुंडी उडते. साधारण दहातल्या एकाला हा अनुभव येतो. हा बीटानिन या रंगद्रव्याचा प्रताप. त्याने अपाय होत नाही. शौचही लालसर दिसू शकते. पण बीट बंद करून दोन-तीन दिवसांनंतरही लाली टिकली, तर ते रक्त नाही ना, हे तपासून घ्यावं.

खरं लक्ष द्यायचं ते बीटमधल्या बिनरंगी नायट्रेटकडे. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि शरीरात पुढे त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणून रक्तदाब थोडा उतरतो. (जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या केल्या की हे जिवाणू मरतात आणि बीटचा हा परिणाम बराचसा वाया जातो!) हाच गुण कधी अंगाशी येतो. रक्तदाबाची गोळी चालू असताना वर बीटचा अर्क घेतला, तर उभं राहताना चक्कर येऊ शकते. छातीत दुखण्यावरची नायट्रेटवर्गातली औषधं किंवा सिल्डेनाफिल (पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरची गोळी) घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

प्रमाणाचं काय? रोजच्या नायट्रेटची मान्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ३.७ मिलीग्रॅम आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे २२२. खेळाडूंसाठीच्या ७० मिलीच्या घट्ट रसात मात्र ४०० मिलीग्रॅमच्या आसपास नायट्रेट असतं. ही मर्यादा जन्मभर रोज घेण्याच्या हिशोबाने ठरवलेली आहे, त्यामुळे शर्यतीच्या दिवशी एक बाटली प्यायल्याने आभाळ कोसळत नाही. रोजची सवय ही निराळी गोष्ट. कॅप्सूलचं दुखणं उलटं: काहींत नायट्रेट नावालाच असतं, आणि किती आहे ते लेबलवर बहुधा लिहिलेलंच नसतं.

बीटमध्ये ऑक्झलेट भरपूर असतं, त्यामुळे ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे झालेत त्यांनी पावडरीपासून दूर राहिलेलं बरं. उकडलेल्या बीटातलं थोडं ऑक्झलेट निदान पाण्यात तरी उतरतं. मूत्रपिंडं कमजोर असतील तर बीटमधलं पोटॅशियमही त्रास देतं. पोट फुगणं, कळ येणं हे किरकोळ त्रास मात्रा कमी केली की बहुधा थांबतात. तान्ह्या बाळाला हा रस देऊ नये: त्याच्या रक्तात नायट्राइटमुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडू शकतं.